शब्द ओठावर अडतो तेव्हा : वृद्धांचे शरीरस्वास्थ्य आणि वाणी

साठी उलटली की परिचितांची नावे वेळेवर सुचत नाहीत, हा घरोघरचा अनुभव आहे. चेहरा डोळ्यांसमोर असतो. त्या व्यक्तीचे गाव, तिचा व्यवसाय, तिच्याशी झालेला शेवटचा व्यवहार हे सर्व आठवत असते. नाव मात्र ओठावर येऊन अडते. मग 'ते हे', 'अमुक' अशा शब्दांवर वेळ मारून नेली जाते आणि ऐकणारे 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण सांगून विषय संपवतात. या थट्टेचे परिणाम मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नसतात. शब्द वेळेवर न सापडणारी वृद्ध व्यक्ती हळूहळू चारचौघांत बोलणे टाळू लागते. जिच्या माहितीवर बांधाचा किंवा जुन्या वहिवाटीचा वाद मिटू शकला असता, ती ग्रामसभेत गप्प बसते. दुसरीकडे, उपचाराने बरे होऊ शकणारे एखादे दुखणे 'वयोमानाने असे व्हायचेच' या समजुतीखाली झाकले जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. एवढ्या मोठ्या समाजघटकाच्या वाणीचा प्रश्न केवळ कुटुंबाचा राहत नाही. तो सार्वजनिक आरोग्याचाही होतो. शब्द सापडण्याची क्षमता आणि शरीराचे स्वास्थ्य यांचा निकटचा संबंध असल्याचे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. हा संबंध समजून घेतल्यास गावपातळीवर बरेच काही करता येण्यासारखे आहे.

ज्ञान शाबूत, वाट अरुंद

शब्द ओठावर अडणे म्हणजे तो शब्द विसरणे नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अवस्थेचे वर्णन केले होते. पुढे १९६६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात रॉजर ब्राऊन व डेव्हिड मॅकनील यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द ओळखण्यास सांगितले. ज्यांचा शब्द ओठावर अडला, त्यांना पुष्कळदा त्याचे पहिले अक्षर कोणते किंवा त्यात अवयव किती, हे अंदाजाने बरोबर सांगता आले. १९९७ मध्ये इटालियन भाषकांवर झालेल्या एका अभ्यासात याहून लक्षणीय गोष्ट आढळली. शब्द उच्चारता येत नसतानाही तो पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे लोक बहुधा अचूक सांगू शकत होते. मराठीतही प्रत्येक नामाला लिंग आहे. 'सुपारी कातरायचा तो... तो...' असे म्हणत थांबलेल्या व्यक्तीच्या मुखातून 'अडकित्ता' हा शब्द बाहेर पडला नसला, तरी 'तो' हे सर्वनाम बरोबर पडलेले असते. याचा अर्थ असा की, शब्दाचा अर्थ आणि त्याचे व्याकरण हाती लागले आहे. फक्त त्याचा ध्वनी अजून जुळलेला नाही.

हे का घडते याची उपपत्ती डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. एखाद्या शब्दाचा अर्थ मनात अनेक गोष्टींशी जोडलेला असतो. त्यामुळे अर्थाकडे जाण्यास अनेक वाटा असतात. अर्थाकडून ध्वनीकडे जाणारी वाट मात्र जवळजवळ एकच असते. शब्द क्वचित वापरला, बऱ्याच दिवसांत उच्चारला नाही किंवा वय वाढले, की ही एकमेव वाट क्षीण होते. विशेषनामांच्या बाबतीत अडचण अधिक येते, याचे कारणही हेच होय. 'वैद्य' हा व्यवसाय म्हटला की औषध, नाडी, रोगी अशा अनेक कल्पना त्याला आधार देतात. 'वैद्य' हे एखाद्याचे आडनाव असेल, तर त्या व्यक्तीविषयी असलेल्या माहितीतून ते आडनाव आपोआप निष्पन्न होत नाही.

वयाबरोबर शब्दांचे ज्ञान घटते, असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. निरोगी माणसाचा शब्दसंग्रह साठीपर्यंत, पुष्कळदा त्यापुढेही, टिकून राहतो किंवा वाढतो. वार्धक्यात मंदावते ती शब्द योग्य वेळी बाहेर काढण्याची क्रिया. या मंदावण्याचा वेग सर्वांमध्ये सारखा का नसतो, हा प्रश्न यातून उद्भवतो.

बर्मिंगहॅम येथील अभ्यास

या प्रश्नाचा एक धागा इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधनात सापडतो. कात्रिएन सेहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २८ निरोगी वृद्ध व २७ तरुण व्यक्तींनी भाग घेतला होता. त्यांना काही व्याख्या देऊन त्यांवरून शब्द ओळखण्यास सांगण्यात आले. काही शब्द सोपे होते, काही क्वचित आढळणारे होते. शिवाय ब्रिटनमधील लेखक, राजकारणी, अभिनेते अशा प्रसिद्ध व्यक्तींची नावेही विचारण्यात आली. प्रत्येक वेळी शब्द ठाऊक आहे, ठाऊक नाही की ओठावर अडला आहे, याची नोंद घेण्यात आली.

वृद्ध गटाची आणखी एक तपासणी झाली. त्यांना एका जागी स्थिर असलेली सायकल चालवण्यास देऊन, श्रम करताना शरीर प्राणवायूचा किती उपयोग करू शकते, हे मोजण्यात आले. बोली भाषेत ज्याला 'दमसास' म्हणतात, त्याचे हे शास्त्रीय मापन होय. तरुणांपेक्षा वृद्धांचे शब्द अधिक वेळा अडले, हे अपेक्षितच होते. परंतु वृद्धांमध्येही ज्यांचा दमसास चांगला होता, त्यांचे शब्द अडण्याचे प्रमाण कमी आढळले. वय आणि शब्दसंग्रह यांचा प्रभाव हिशेबात घेतल्यानंतरही हा संबंध कायम राहिला.

या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. ही पाहणी लहान गटावर व एकाच वेळी केलेली होती. दमसास आणि शब्दस्मरण यांचा संबंध तिने दाखवला. व्यायाम सुरू केल्याने अडलेले शब्द मोकळे होतातच, हे तिने सिद्ध केलेले नाही. तथापि ज्यांना कोणताही आजार नव्हता अशा वृद्धांमध्येही शरीराच्या क्षमतेची छाया वाणीवर पडलेली दिसावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

शरीर आणि वाणी यांचा दुवा

माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढी ऊर्जा वापरते, तिच्यापैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. हा पुरवठा रक्तातून होतो. हृदय, फुप्फुसे व रक्तवाहिन्या यांच्या कार्यात उणेपणा आला, तर त्याचा परिणाम मेंदूवर झाल्याशिवाय राहत नाही. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेला रक्तदाब आणि मधुमेह मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतात. ही इजा निमूटपणे होत असते. ती पुष्कळदा प्रथम विचारांच्या व बोलण्याच्या संथपणातून प्रकट होते.

शरीराच्या हालचालीने मेंदूच्या रचनेत फरक पडू शकतो, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निम्म्या लोकांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालण्याचा व्यायाम देण्यात आला. त्यांचा वेळ क्रमाने चाळीस मिनिटांपर्यंत वाढवण्यात आला. उरलेल्यांना स्नायू ताणण्याचे हलके व्यायाम देण्यात आले. स्मरणशक्तीशी निगडित असलेला मेंदूचा 'हिप्पोकॅम्पस' हा भाग चालणाऱ्यांमध्ये सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटात तो सुमारे १.४ टक्क्यांनी घटला. हा प्रयोग स्मरणशक्तीविषयीचा होता, शब्द अडण्याविषयीचा नव्हे. तरीही उतारवयातील मेंदू व्यायामाला प्रतिसाद देतो, ही महत्त्वाची गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

श्रवणशक्तीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची बरीच शक्ती समोरचा काय बोलला हे जुळवण्यातच खर्च होते. ऐकणे कमी झाले की संभाषण कमी होते, आणि न उच्चारलेले शब्द अधिकच दूर जातात. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात श्रवणयंत्राचा तीन वर्षांतील परिणाम तपासण्यात आला. सर्व सहभागींचा एकत्र विचार करता बौद्धिक ऱ्हासात फरक पडला नाही. परंतु ज्यांना ऱ्हासाचा धोका मुळात अधिक होता, त्यांच्यामध्ये त्याचा वेग ४८ टक्क्यांनी मंदावला.

याखेरीज बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईड ग्रंथीची मंदता, अपुरी झोप, खिन्नता आणि काही औषधांचा, विशेषतः झोपेच्या गोळ्यांचा, परिणाम यांमुळेही विचार व शब्द मंदावतात. बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडी, मांस व मासे यांतून मिळते. त्यामुळे केवळ शाकाहार करणाऱ्या व दूधही बेताचेच घेणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत त्याची तपासणी अधिक अगत्याची ठरते. यांपैकी बहुतेक कारणांवर उपाय आहेत. मात्र त्यांचे निदान वेळेवर होणे आवश्यक असते.

तीन अवस्थांतील भेद

गावातील कार्यकर्त्याला निदान करावयाचे नसते. परंतु पुढील तीन अवस्थांतील भेद त्याला ठाऊक असावा.

पहिली अवस्था सर्वसामान्य वार्धक्याची. येथे अधूनमधून एखादे नाव किंवा क्वचित वापरातला शब्द अडतो, काही वेळाने आपोआप आठवतो, आणि त्या व्यक्तीचे दैनंदिन व्यवहार पूर्ववत चालू असतात. यात घाबरण्याचे कारण नाही. मात्र रक्तदाब, मधुमेह, दृष्टी व श्रवण यांची नियमित तपासणी करून घ्यावी.

दुसरी अवस्था हळूहळू वाढणाऱ्या अडचणीची. तांब्या, पायरी, चूल असे रोजच्या वापरातले शब्द अडू लागतात. शब्द सांगितला तरी तो ओळखीचा वाटत नाही. पैशांचे हिशेब चुकतात, नेहमीचा रस्ता चुकतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. हे केवळ वयाचे लक्षण मानता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात अशी चौदा कारणे नोंदवली आहेत, ज्यांचे निवारण झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याचा संभव आहे. कमी ऐकू येणे, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, शारीरिक निष्क्रियता, धूम्रपान, खिन्नता, एकाकीपणा आणि उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष यांचा त्यांत समावेश आहे.

तिसरी अवस्था अकस्मात येणारी. चालता-बोलता माणसाची वाचा अडखळते, शब्द भलतेच येतात किंवा दुसऱ्याचे बोलणे समजेनासे होते. सोबत तोंड एका बाजूला वाकडे होते किंवा एक हात लुळा पडतो. हा पक्षाघाताचा झटका असू शकतो. तोंड व हात ठीक असले आणि केवळ बोलणे बिघडले असले, तरी तीच शंका धरावी. मेंदूच्या ठराविक भागाला इजा झाल्यास वाचा जाते, हे फ्रेंच शल्यतज्ज्ञ पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले. त्यांचा एक रुग्ण जवळजवळ 'टॅन' एवढा एकच उच्चार करू शकत असे; त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या बाजूस पुढील भागात इजा आढळली. आज रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध उपलब्ध आहे. परंतु ते सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, मेंदूचे छायाचित्र काढून मगच देता येते. अशा वेळी अंगारा-धुपारा करण्यात, मालिश करण्यात किंवा 'सकाळपर्यंत वाट पाहू' असे म्हणण्यात गेलेला वेळ भरून निघत नाही. १०८ या क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा, लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णाला तोंडाने काहीही देऊ नये.

चालणे आणि बोलणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचे शारीरिक श्रम करावेत, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व तीन दिवस तोल सांभाळण्यास मदत करणारे व्यायाम करावेत. मध्यम श्रमाची साधी खूण अशी की, त्या वेळी बोलता येते, पण गाता येत नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालले, तरी किमान प्रमाण पूर्ण होते. ज्यांना एवढे शक्य नाही, त्यांनी दहा मिनिटांपासून आरंभ करावा. हृदयविकार, धाप लागणे, चक्कर येणे किंवा गुडघ्यांचे तीव्र दुखणे असेल, तर प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. शेतात किंवा घरात दिवसभर राबणाऱ्या वृद्धांना वेगळ्या व्यायामाचा आग्रह धरण्याऐवजी त्यांच्या रक्तदाबाकडे, आहाराकडे व पुरेशा विश्रांतीकडे लक्ष द्यावे.

व्यायामाबरोबर संभाषणही हवे. शब्द वापरात राहिला, तर त्याची वाट मोकळी राहते. वृद्ध व्यक्तीचा शब्द अडला, की ऐकणाऱ्याने चटकन वाक्य पूर्ण करून टाकू नये किंवा हसू नये, क्षणभर थांबावे. तरीही शब्द न आल्यास त्याचे पहिले अक्षर सुचवावे, कारण जुळणारा ध्वनी कानावर पडल्यास अडलेला शब्द मोकळा होण्यास मदत होते. फार वेळ ताण देत बसण्यातही अर्थ नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासात असे दिसले की, अडलेल्या अवस्थेत जितका अधिक वेळ घालवावा, तितका तोच शब्द पुढेही अडण्याचा संभव वाढतो. म्हणून शब्द विचारून घ्यावा आणि एकदोनदा मोठ्याने उच्चारावा, हे श्रेयस्कर.

गावपातळीवरील कार्य

या कामासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. असलेल्या साधनांची सांगड घालणे पुरेसे आहे.

पंचायत सदस्यांनी वृद्धांना निर्धोकपणे चालता येईल असा एक तरी मार्ग गावात राखावा. त्यावर खड्डे व उघडी गटारे नसावीत, दिवाबत्तीची सोय असावी आणि ठराविक अंतरावर बसण्यासाठी पार किंवा बाक असावेत. भजनी मंडळे, महिला बचत गट आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या साहाय्याने सकाळच्या फेरीची प्रथा पाडता येईल; त्यात चालणे व बोलणे दोन्ही साधते. ग्रामसभेत वृद्धांना बोलण्यास पुरेसा अवधी देणे, हे अध्यक्षस्थानी असणाऱ्याचे कर्तव्य समजावे.

आरोग्य कर्मचारी व आशा कार्यकर्त्या यांनी रक्तदाब व मधुमेहाच्या तपासणीच्या वेळी आणखी तीन प्रश्न विचारावेत : नीट ऐकू येते काय, दिसते काय आणि बोलताना शब्द पूर्वीपेक्षा अधिक अडतात काय. हे प्रश्न त्या व्यक्तीच्या घरच्या बोलीत विचारले जाणे आवश्यक आहे. गोंडी, कोरकू किंवा भिली ही मातृभाषा असलेल्या वृद्धाला प्रमाण मराठीतील शब्द सुचला नाही, तर तो स्मरणशक्तीचा दोष मानता येणार नाही.

चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी २०१७ मध्ये केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू झाली. अशा योजनांच्या पात्रतेच्या अटी व अर्जाची पद्धत अधिकाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून पात्र वृद्धांपर्यंत पोहोचवावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांकही तेथे ठळकपणे लिहावा.

शिक्षकांचा वाटा याहून वेगळा, पण मोलाचा आहे. शेतीची अवजारे, धान्य मोजण्याची जुनी मापे, पिकांचे वाण, भांडी, दागिने, शिवारांची नावे यांचे शब्द वृद्धांकडून विचारून त्यांचा संग्रह करण्याचा उपक्रम विद्यार्थ्यांना देता येईल. त्यात वृद्धांच्या वापरातून गेलेले शब्द पुन्हा उच्चारले जातील आणि मुलांना परिसराची भाषा समजेल. आजोबांची वाचा अकस्मात अडखळली तर काय करावे, हे शाळेत शिकलेले मूल घरातील पहिला जागरूक माणूस ठरू शकते.

वृद्धाच्या ओठावर अडलेल्या शब्दामागे बहुधा शाबूत ज्ञान असते, कधी दुर्लक्षित आजार असतो, तर कधी तातडीचे संकट असते. यांपैकी काय आहे, हे थट्टेने कळत नाही; विचारपूस, तपासणी आणि थोडा धीर यांनी कळते. पाय चालते, कान ऐकते आणि रक्तदाब काबूत राहिल्यास वाणी दीर्घकाळ साथ देण्याची शक्यता वाढते. त्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. गावाला वृद्धांच्या अनुभवाचा लाभ त्यांच्याच शब्दांत मिळत राहावा, यासाठी तो करणे सर्वथा इष्ट होय.